दुधाच्या थेंबातला रेणू आणि रक्तातला आकडा

स्तनाच्या कर्करोगावर व्याख्यान झाले, की शेवटी व्यासपीठावर येणाऱ्या चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी हटकून असते. 'रक्त तपासून हा रोग आधीच कळतो का?' एवढाच तिचा मजकूर. कधी खाली नाव असते, बहुधा नसते. प्रश्न अगदी रास्त आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कोणत्याही रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत जा, संपूर्ण देहतपासणीच्या यादीत साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्या पंगतीला 'सीए १५-३' असे एक नाव बसलेले आढळते. त्यापुढे एक आकडा येतो. तो मर्यादेत असला, की घरची मंडळी निःश्वास टाकतात. छातीत लागलेली बारीकशी गाठ मग गणपतीनंतर बघू, दिवाळीनंतर बघू, अशी पुढे ढकलली जाते.

हा आकडा ज्या वस्तूचा असतो ती वस्तू कोणती, ती रक्तात येते कोठून, आणि ती उशिरा का येते, हे समजावून घेण्याचा येथे विचार आहे. वस्तू म्हणजे पेशीच्या अंगावरचे एक शर्करायुक्त प्रथिन. शास्त्रात तिला म्युसिन म्हणतात. नाव परके असले तरी ओळख जुनी आहे.

कळव्याच्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी चिखलावर उड्या मारणारे निवटे ज्यांनी हातात धरून पाहिले असतील, त्यांना म्युसिनचे गुण सांगायला नकोत. निवटा हातातून सुळकन् निसटतो तो अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे. मासे साफ करताना कोळणी राखेने किंवा मिठाने चोळतात ते हाच थर काढण्यासाठी. आपल्या तोंडातली लाळ, नाकातला शेंबूड, जठराच्या आतले अस्तर या सर्वांचा चिकटपणा त्याच जातीच्या प्रथिनांचा आहे. (भेंडीची तार मात्र निराळी. तिच्यात मुख्यतः वनस्पतींच्या शर्करा असतात.) ज्या ज्या ठिकाणी शरीराचा पृष्ठभाग बाहेरच्या जगाला किंवा एखाद्या पोकळीला सामोरा जातो, तेथे ओलावा राखणे आणि नको त्या गोष्टीला चिकटू न देणे, हे म्युसिनचे काम.

काही म्युसिने पेशी बाहेर सोडून देते. लाळेतली म्युसिने मुख्यतः या प्रकारची. दुसरी काही पेशीच्या पटलातच रोवलेली राहतात, जमिनीत खांब पुरावा तशी. आपल्याला काम आहे ते या दुसऱ्या प्रकाराशी, आणि त्यातही एकाशी. शास्त्रज्ञांनी त्याला 'म्युसिन-१' असे क्रमांकाचे साधे नाव दिले आहे.

बाटली धुण्याचा कुंचा डोळ्यांपुढे आणावा. मधली तार म्हणजे प्रथिनाचा लांब धागा आणि तिच्याभोवतीचे केस म्हणजे शर्करेच्या लहान लहान साखळ्या. हा धागा विणण्याची तऱ्हा मोठी गमतीची आहे. वीस अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा जोडून तो लांबवलेला असतो. किती वेळा, हे ज्याच्या त्याच्या आईबापांवर अवलंबून. कोणात पंचवीस-तीस वेळा, तर कोणात शंभराच्याही वर. प्रत्येक तुकड्यावर शर्करा जोडता येईल अशा पाच जागा असतात. शर्करांच्या गर्दीमुळे धाग्याला वाकता-दुमडता येत नाही, तो ताठ उभा राहतो. पेशीच्या पृष्ठावरची इतर बहुतेक प्रथिने बुटकी असतात. हा खांब त्यांच्या डोक्यावरून कितीतरी उंच जातो. पेशीला बाहेरून कोणी हात लावायला आले, तर पहिली गाठ पडते ती याच्याशी.

हे म्युसिन पेशीच्या कोणत्या बाजूला असते, याला फार महत्त्व आहे. खारेगाव-विटाव्याकडे अजून काही जुन्या चाळी उभ्या आहेत. त्यांतली चौकाभोवती बांधलेली एखादी चाळ घ्या. प्रत्येक खोलीची पुढची बाजू चौकाकडे. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. मागची भिंत बाहेरच्या गल्लीकडे. स्तनातली दुग्धवाहिनी थेट अशीच रचलेली असते. मधला चौक म्हणजे दूध वाहण्याची पोकळी आणि तिच्याभोवती दाटीने बसलेल्या खोल्या म्हणजे पेशी. मागच्या गल्लीत रक्तवाहिन्या. निरोगी पेशी म्युसिन-१ हे फक्त चौकाकडच्या बाजूला ठेवते. सामाईक भिंतींवर नाही, मागच्या भिंतीवर तर नाहीच. त्यामुळे त्यातला काही अंश सुटून पडला, तर तो चौकात म्हणजे दुधात पडतो. गल्लीत म्हणजे रक्तात जायला त्याला वाट नसते.

आणि तो दुधात पडतोच. दुधातला स्निग्धांश पेशीतून बाहेर पडतो तो एखाद्या थेंबासारखा नुसता गळत नाही. पेशीच्या पटलाचाच एक तुकडा अंगाभोवती गुंडाळून तो बाहेर येतो. म्हणून आईच्या दुधातल्या प्रत्येक स्निग्ध कणावर तिच्या स्तनपेशीच्या पृष्ठभागाचा नमुना असतो, म्युसिनसकट. पेशी न कापता पेशीची त्वचा हाती देणारी ही सोय निसर्गाने करून ठेवली होती. संशोधकांनी तिचा उपयोग करून घेतला.

पण दुधाकडे संशोधकांचे लक्ष त्याआधीच वेगळ्या कारणाने गेले होते, आणि त्या कथेचा एक धागा आपल्या परळला येऊन पोहोचतो. १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवून दिले, की उंदरांच्या काही जातींत स्तनाचा कर्करोग आईच्या दुधातून पिलांकडे जातो. पुढे तो एक विषाणू ठरला. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये परळला सुरू झाले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. कर्करोगाला बळी पडणाऱ्या उंदरांच्या जाती, आनुवंशिकता, अंतःस्राव, हा त्यांचा अभ्यासविषय. शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढविण्याचे तंत्र त्यांनी अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत आत्मसात केले आणि मुंबईस परतून भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशातली ती पहिली मानली जाते. १९७३ साली स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेमागेही त्याच होत्या. त्या संस्थेचे कार्यालय आपल्यापासून दूर नाही, वाशीला आहे.

मुंबईच्या पारशी समाजात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आढळत असे. त्यामुळे उंदरांसारखा विषाणू माणसाच्या दुधात सापडतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकी संशोधकांनी मुंबईतील पारशी स्त्रियांच्या दुधाचे नमुनेही तपासले. १९७१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधावर परळच्या डॉ. सत्यवती सिरसाट आणि डॉ. पेमास्टर यांचीही नावे आहेत. डॉ. सिरसाट या आपल्याकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कर्करोगाच्या पेशी पाहणाऱ्यांतल्या अग्रणी. विषाणूसारखे कण दिसले, चर्चा खूप झाली. परंतु माणसात हा रोग दुधातून पसरतो असे त्यानंतर सिद्ध झाले नाही. उलट ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची आकडेवारी २००२ मध्ये एकत्र केली, तेव्हा अंगावर पाजण्याच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे आईचा धोका चार टक्क्यांहून थोडा अधिक घटतो असे दिसले. हे मुद्दाम सांगितले, कारण अर्धवट ऐकलेली गोष्ट बाळाचे दूध तोडायला पुरेशी होते.

विषाणू सापडला नाही, पण दुधाच्या स्निग्ध कणांवरची प्रथिने हाती आली. १९८१ साली लंडनमध्ये जॉयस टेलर-पापादिमित्रिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईच्या दुधातील स्निग्ध कणांविरुद्ध उंदरात प्रतिपिंडे तयार केली. प्रतिपिंड म्हणजे एकाच कुलपाला लागणारी किल्ली. ती दुधाच्या कणाला लागली, आणि स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींनाही लागली. ॲमस्टरडॅमच्या कर्करोग संस्थेतही दुधाच्या कणावरून असेच एक प्रतिपिंड निघाले. बोस्टनमध्ये डोनाल्ड क्यूफ यांनी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. यकृतात पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या गाठीपासून त्यांनी प्रतिपिंड काढले. एक किल्ली दुधापासून घडवलेली, दुसरी कर्करोगापासून, आणि दोन्ही एकाच कुलपाला लागल्या. ते कुलूप म्हणजे म्युसिन-१. सीए १५-३ ही तपासणी आजही या दोन किल्ल्यांवर चालते. एक प्रतिपिंड रक्तातले म्युसिन धरून ठेवते, दुसरे त्यावर बसते, आणि बसलेल्यांची मोजदाद होते. आईच्या दुधातला आणि गाठीतला रेणू मुळात एकच, ही गोष्ट आम्हांला या साऱ्या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटते.

एकच, पण हुबेहूब तोच नव्हे. कर्करोगाच्या पेशीत त्याचे रूप पालटते. पेशी ते भलत्याच प्रमाणात बनवू लागते. दहांपैकी नऊहून अधिक स्तनकर्करोगांत ते वाढलेले आढळते. त्याहून मोठा बदल म्हणजे पेशीला आपली दिशाच कळेनाशी होते. चौक कोणता, गल्ली कोणती याचे भान सुटते आणि म्युसिनचे खांब चारी भिंतींवर उगवतात. शेजारच्या खोलीशी असलेली भिंत जुळेनाशी होते, कारण मध्ये हे ताठ खांब उभे. चिकटून राहणाऱ्या पेशी सुट्या होण्याचे हे एक कारण आहे. आणि खांबावरच्या शर्करेची नक्षीही बिघडते. निरोगी पेशीत साखळ्या लांब, फांद्या फुटलेल्या असतात. कर्करोगाच्या पेशीत त्या आखूड राहतात आणि टोकाला बहुधा सायालिक आम्ल लागून वाढ थांबते. घनदाट झाडाची छाटणी केली की आतले खोड दिसू लागते, तसा प्रथिनाचा एरवी झाकलेला धागा जागोजाग उघडा पडतो. १९८७ मध्ये त्याच लंडनच्या गटाने नेमका हा उघडा भाग ओळखणारे प्रतिपिंडही मिळविले.

या सगळ्यात पेशीचा काय लाभ? पहिला पुरावा उंदरांतून आला. बोस्टनमध्ये कॉडिंग्टन आणि जीनलोझ उंदराच्या स्तनकर्करोगाच्या एका वाणाचा अभ्यास करीत होते. परक्या जातीच्या उंदरात गाठ रोवली तर शरीर ती ओळखून नष्ट करते, हा नियम. पण या वाणाच्या पेशी परक्या उंदरातही बिनदिक्कत वाढत. त्यांच्या अंगावर एका लांबलचक म्युसिनचा गच्च थर होता आणि पेशीची ओळख पटविणाऱ्या खुणा त्याखाली दडल्या होत्या. निवट्याचीच युक्ती म्हणायची. माणसाच्या म्युसिन-१ बाबतही असा बचाव प्रयोगशाळेत दिसला आहे. आणखी एक गोष्ट गेल्या दहा-बारा वर्षांत पुढे आली. सायालिक आम्ल लावलेली ती आखूड साखळी आपल्या संरक्षक पेशींवरच्या एका ग्राहकाला जाऊन बसते. मग त्या पेशी मारायचे सोडून गाठीच्या वाढीला मदत करू लागतात. घरच्या रखवालदाराला फितवावे, त्यातला हा प्रकार.

उघडा पडलेला धागा फक्त कर्करोगात दिसत असेल, तर त्याविरुद्ध लस का करू नये, हा विचार साहजिकच आला. प्रयत्न झाले, आणि मोठे झाले. छाटलेल्या शर्करेच्या एका रूपावर बेतलेली लस हजाराहून अधिक रुग्ण स्त्रियांत वापरून पाहिली गेली. त्यांचा रोग पसरलेला होता. लसीने आयुष्य वाढले नाही. फुप्फुसाच्या कर्करोगात म्युसिन-१ वरच्या दुसऱ्या एका लसीचेही मुख्य उद्दिष्ट साधले नाही. काम थांबलेले नाही, पण वर्तमानपत्रात 'कर्करोगावर लस' असा मथळा दिसला, की हा इतिहास आठवावा.

आता चिठ्ठीतल्या प्रश्नाकडे वळू. चाळीचे चित्र ध्यानात असेल, तर उत्तर अर्धे मिळालेच आहे. म्युसिन चौकाकडेच आहे तोवर रक्तात जात नाही. पेशीचे दिशाभान सुटले, मागची भिंत फुटली, की गळून पडणारे म्युसिन गल्लीत, म्हणजे रक्तात पोहोचते. पण किती? एक सेंटिमीटरच्या, म्हणजे तुरीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या गाठीत कोट्यवधी पेशी असतात हे खरे. तरी त्यांचे गळलेले म्युसिन मिसळते चार-पाच लिटर रक्तात. आणि ते रक्त कोरे नसते. फुप्फुसे, जठर, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या निरोगी पेशीही म्युसिन-१ बनवतात, त्याचा थोडा अंश प्रत्येकीच्या रक्तात आधीपासून असतोच. प्रयोगशाळा तीस युनिटांच्या आसपास मर्यादा आखतात ती यासाठी. लहान गाठीने घातलेली भर या मर्यादेच्या आत बुडून जाते. खाडीत बादलीभर पाणी ओतून भरतीची रेघ वर सरकत नाही. रोगाच्या पहिल्या अवस्थेत दहांपैकी जवळपास नऊ स्त्रियांचा आकडा ठीकच येतो. गाठ हाताला लागते, पण रक्ताला तिचा पत्ता नसतो.

उलट बाजूही आहे. यकृताचा आजार, स्तनातल्या साध्या, निरुपद्रवी गाठी, कधी गरोदरपण यांतही हा आकडा चढतो. कर्करोग नसलेल्या बाईला तो चढा दिसला, की पुढच्या तपासण्यांचे आणि रात्रींच्या जाग्रणाचे सत्र सुरू होते. म्हणून निरोगी स्त्रीने केवळ चाचपणीसाठी ही तपासणी करू नये, असे जाणकार वैद्यकीय संस्थांचे मत आहे. तेच आमचेही. यादीत ती घालून विकणाऱ्यांना ते पटेल असे नाही.

तपासणी निरुपयोगी आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. तिची जागा वेगळी आहे. रोग हाडांत, यकृतात पसरला आहे आणि औषध चालू आहे, अशा स्त्रीच्या बाबतीत महिन्या-दोन महिन्यांनी घेतलेले आकडे ओळीने मांडले, तर औषध लागू पडते आहे की नाही याचा अंदाज येतो. तोही एकट्याने नव्हे, चित्रतपासणी आणि प्रकृती यांच्या जोडीने. त्यातही एक खोच आहे. नवे औषध सुरू केल्यावर पहिले काही आठवडे आकडा उलट वाढू शकतो, कारण मरणाऱ्या पेशी आपले म्युसिन एकदम रक्तात सोडतात. त्या वाढीने घाबरून चांगले चाललेले औषध बंद करण्याची घाई होऊ नये.

मग लहान गाठ ओळखायची कशाने? याचे एक उत्तर मुंबईतच मिळाले आहे आणि ते फारसे खर्चिक नाही. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक प्रयोग हाती घेतला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. वस्त्यांचे वीस गट केले. निम्म्या गटांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी प्रत्येक स्त्रीचे स्तन हाताने तपासत. यंत्र नाही, रक्त नाही, फक्त बोटे. उरलेल्या गटांत रोगाची माहिती दिली जाई. वीस वर्षांनंतर, २०२१ मध्ये, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष छापून आले. हाताने तपासलेल्या गटांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. सर्व वयांचा एकत्र हिशेब केला तर घट पंधरा टक्के भरते, पण ती योगायोगाची नाही असे ठामपणे म्हणता येत नाही. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांना तसा लाभ दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

या निष्कर्षाचे मोल आपल्यासारख्या गावांना अधिक आहे. २०२० साली देशात स्तनाच्या कर्करोगाचे अंदाजे १ लाख ७८ हजार नवे रुग्ण झाले. भारतीय स्त्रियांत आज हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो. आपल्याकडे बाई डॉक्टरकडे जाते ती बहुधा गाठ मोठी झाल्यावर, कातडी ओढली गेल्यावर. मध्ये लाज असते, घरकाम असते, मुलांच्या परीक्षा असतात. त्यात आता 'रक्त चांगले आले आहे' या कागदाची भर पडली आहे.

गाठ लागली, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव आला, कातडीला खळी पडली किंवा काखेत गोळा जाणवला, तर पुढचा मार्ग ठरलेला आहे. आधी डॉक्टरांच्या हाताची तपासणी, मग वयाप्रमाणे सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि शंका उरली तर सुईने काढलेला गाठीचा तुकडा. निर्णय होतो तो या तुकड्यावर. गाठ साधी की कर्करोगाची हे त्यातच कळते. कर्करोगाची असेल, तर कोणत्या औषधाला ती दाद देईल हे ठरविणारी पेशीवरची इतर प्रथिनेही त्याच तुकड्यात तपासतात. बहुसंख्य गाठी साध्याच निघतात. या पहिल्या तपासणीसाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. कळव्यातच महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, त्याला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. तेथे शल्यचिकित्सकांच्या बाह्यरुग्ण विभागात गाठ दाखवता येते. पुढे टाटा रुग्णालयात जाण्याची वेळ आलीच, तर कळव्याहून धीम्या गाडीने परळला उतरावे, आणि जाताना सुईच्या तपासणीचा कागद बरोबर ठेवावा.